पूजेला बसलेला डबा

परवा नातवाच्या गाडीतलं ब्रेकचं एबीएस मॉड्यूल बदललं. काचेखाली पिवळा दिवा पेटला म्हणून गाडी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपात नेली. तिथल्या माणसानं लॅपटॉप जोडला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॉड्यूल गेलंय." जुनी डबी काढली, नवी बसवली, झालं. त्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही. मी आपला खुर्चीवर बसून बघत होतो. मी उभा जन्म बेंगळुरात ब्रेकची कामं केली, पण बिघडलेला ब्रेक स्वतःहून दिवा लावून सांगतो, हे बघायला मला एवढं म्हातारं व्हावं लागलं.

आमच्या वेळी दिवा नव्हता. ब्रेक गेला हे पायाला कळायचं, आणि ते कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा.

आम्ही निपाणीकडचे. कानडी-मराठी दोन्ही तोंडात. मॅट्रिक नापास झाल्यावर वडिलांनी मला बेंगळुरात मामाकडे पाठवलं. दत्ताजीमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. कलासीपाळ्यात त्यांचं ब्रेकचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याची शेड, एक खड्डा आणि एक लाकडी फळी. पण गावात कुणाचाही ब्रेक बिघडला की लोक म्हणायचे, मराठी मेस्त्रीकडे जा. मामा रागीट, देवभोळे आणि कामाला चोख. त्यांच्या हाताखाली मी शिकलो. शिव्या खाऊन शिकलो म्हटलं तरी चालेल.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा पाय चाकाला थांबवत नाही. पाय एक दांडी ढकलतो. ती दांडी मास्टर सिलिंडर नावाच्या लोखंडी नळकांड्यात शिरते. आत रबराची एक वाटी असते. वाटी तेलाला रेटते, तेल पाइपातून चारी चाकांकडे पळतं आणि तिथले ब्रेक आवळतात. पाय उचलला की तेल बारीकशा भोकातून मागं येतं आणि चाकं सुटतात. सगळा खेळ त्या रुपयाएवढ्या वाटीवर. आणि त्या वाटीला एकच तेल चालतं, ब्रेक ऑइल. दुसरं कुठलंही तेल लागलं की ती भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगते. रॉकेल लागलं तरी फुगते, म्हणून मामा सिलिंडर धुवायला स्पिरिट वापरायचे आणि वाटीला बोट लावण्याआधी हात साबणानं धुवायला लावायचे. "जेवायला बसताना धुत नाहीस, निदान इथं तरी धू," म्हणायचे.

तेव्हा परदेशी सामान यायचं जवळजवळ बंद झालेलं. विलायती गाड्यांची मास्टर सिलिंडरं मिळायची नाहीत. चिकपेटेतल्या हार्डवेअरच्या गल्लीत चकरा मारायच्या, नाही मिळालं तर जुन्याला आतून नवी नळी ठोकून घ्यायची. गिऱ्हाईकंही एकेक नमुना. चिकपेटेतला एक साडीवाला ब्रेक घट्ट झाला की नाही हे स्वतः बघायचा नाही; दुकानातल्या जाड्या मुनीमाला गाडीसमोर उभं करायचा आणि आम्हाला म्हणायचा, "चालवा!" मुनीम डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा. एक निवृत्त फौजी साहेब होते. त्यांना ब्रेकचा आवाज खपायचा नाही. मामा म्हणाले, "साहेब, आवाज नको असेल तर गाडी उभीच ठेवा." ते पुन्हा आले नाहीत. मामांचं तोंड हे असं.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण ब्रेकचं नाव निघालं की मला आठवतो तो मुनियप्पा.

मुनियप्पा करमरकर साहेबांचा ड्रायव्हर. साहेब पुण्याचे, विमानांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. काळी विलायती गाडी, आणि ती साहेबांपेक्षा मुनियप्पाची जास्त. के. आर. पुरमहून सायकलवर यायचा आणि आधी गाडीला नमस्कार करायचा, मग साहेबांना. करमरकरांच्या घरात राहून राहून मराठी बोलायला लागला होता. मला 'तम्मा' म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. मी त्याला अण्णा म्हणायचो. गाडी दुकानात दिली की बाकीचे ड्रायव्हर चहाला जायचे. हा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून आमचे हात बघत राहायचा. मामांना ते आवडायचं नाही. मला आवडायचं. आपलं काम इतक्या मायेनं बघणारं दुसरं कोण होतं आम्हाला?

त्या वर्षी नवरात्राच्या आधी त्याच्या गाडीचं मास्टर सिलिंडर आम्ही बदललं. जुनं आतून खरवडलेलं होतं. नवं मिळायला महिना गेला, पण मिळालं अस्सल. मामांनी स्वतः बसवलं. पाइपातली हवा काढायला मुनियप्पा पेडलवर बसला आणि मी चाकाखाली. मी ओरडायचो "दाब", तो दाबायचा. "धर", तो धरायचा. "सोड", तो सोडायचा. ब्रेक असा झाला की बोटानं दाबला तरी गाडी थांबावी. मुनियप्पा हसला, म्हणाला, "आता साहेबांना नंदीच्या डोंगरावर नेतो."

मग आली आयुधपूजा. आपली खंडेनवमी. बेंगळुरात त्या दिवशी रस्त्यावरचं प्रत्येक चाक नवरदेव होतं. गाड्या धुवायच्या, केळीचे खांब बांधायचे, चाकाखाली लिंबं ठेवायची, कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. आमच्या दुकानात सगळी हत्यारं घासूनपुसून फळीवर मांडायची, त्यांना गंधफूल वाहायचं, आणि मग दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हत्यारं बसली म्हणजे बसली. मामा ब्रेक ऑइलचा डबाही फळीवर बसवायचे. "पाना नुसता फिरतो, माणसाला वाचवतं ते तेल," म्हणायचे. डब्यावर कुंकवाची पाच बोटं आणि झेंडूची माळ.

पूजा झाली, आरती झाली, आणि मुनियप्पा गाडी घेऊन आला. गाडी नुसती लखलखत होती. पुसता पुसता त्यानं ब्रेक ऑइलच्या भांड्याचं झाकण उघडून बघितलं होतं. तेल बोटभर कमी. नव्या सिलिंडरात होतं असं, एखादा बुडबुडा उरलेला असतो, तो निघतो आणि तेल तेवढं खाली बसतं. घाबरण्यासारखं काही नसतं.

"मेस्त्री, स्वल्प तेल द्या," तो मामांना म्हणाला.

"आज हत्यारं बसलीत, मुनियप्पा. उद्या दसरा. परवा ये."

"एवढंसंच पाहिजे. पूजेच्या दिवशी गाडीत काही कमी राहू नये म्हणून."

मी म्हणालो, "मामा, चमचाभर तर द्यायचंय. मी देतो ओतून."

मामा असे काही फिरले माझ्यावर! "तू देणार? बसल्या हत्याराला हात लावणार? जा, कोहळा धर जा." मग मुनियप्पाकडे वळून जरा नरमाईनं म्हणाले, "बोटभर तेलानं काही होत नाही रे. परवा ये, भरून देतो."

"सरी, बरं," मुनियप्पा म्हणाला. मी त्याच्या हातावर चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद ठेवला. तो गेला. परवा आला नाही. साहेबांची ड्यूटी असेल, येईल, असं आम्ही धरून चाललो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी करमरकर कुटुंब नंदीच्या डोंगरावर गेलं. साहेब, बाई, साहेबांची आई आणि दोन मुलं. चढताना मुनियप्पाला पेडल जरा जड लागलं. नवं सामान आहे, घट्ट असणारच, असं त्याला वाटलं. एका वळणावर रत्नम्मा नावाची बाई पेरू विकायला बसायची. मुलांनी हट्ट केला म्हणून गाडी थांबवून पेरू घेतले. मुनियप्पानं तिला म्हटलं, उतरताना आणखी घेतो.

उतरताना अर्ध्या वाटेत पेडल खाली गेलं. एकदम तळाला, जसं काही खाली काहीच नाही. त्यानं दोनतीनदा मारलं, हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकायला बघितला, तो पडेना. एका हाताला दरी, दुसऱ्या हाताला डोंगर. त्यानं गाडी डोंगरावर घातली. कुणीही शहाण्या ड्रायव्हरनं हेच केलं असतं. साहेबांच्या घरचे सगळे वाचले. म्हातारीचा हात मोडला, एवढंच. पण डोंगराच्या कडेला टोपली घेऊन रत्नम्मा बसली होती. ती जागच्या जागी गेली.

पोलिसांनी मुनियप्पाला धरला. तो एकच सांगत होता, ब्रेक गेला. दुसऱ्या दिवशी मोटार इन्स्पेक्टरनं पेडल दाबून बघितलं तर ब्रेक कडक. त्यांनी लिहून दिलं, ब्रेक चांगला आहे. संपलं! आता मुनियप्पा खोटारडा ठरला. उतारावर बेफाम चालवली, बाई मारली आणि वर खोटं बोलतो. तुरुंग समोर दिसत होता.

साहेब भला माणूस. त्यांनी मुनियप्पाला जामिनावर सोडवलं आणि पोलिसांकडून गाडी सुटल्यावर ओढून आमच्याकडे आणली. "दत्ताजीराव, उघडून बघा," म्हणाले. "मी त्याच्या शेजारी बसलो होतो. त्याचा पाय पेडलवर आपटताना मी ऐकलाय."

सिलिंडर मी उघडलं. वाटी बाहेर येईना. पक्कडीनं ओढून काढली तर दीडपट झालेली, मऊ, काठ वळलेले. आणि वास. तो वास ओळखायला शिक्षण लागत नाही. इंजिन ऑइल.

कोडं सुटलं. वाटी फुगून त्या बारीक भोकावर बसलेली. तेल मागं फिरायला वाट नाही. मग पाय उचलला तरी चाकं आवळलेलीच राहणार, घासणार, तापणार. तापलेल्या तेलाची वाफ झाली. वाफ दाबली तर दबते, चाकापर्यंत जोर जात नाही. पेडल तळाला गेलं ते त्यामुळं. रात्रभरात गाडी थंड झाली, वाफेचं परत तेल झालं, आणि इन्स्पेक्टरला ब्रेक कडक लागला. त्यांची तरी काय चूक?

मामा वाटी हातात घेऊन फळीवर बसले. मला म्हणाले, "बाळू, त्यानं भरलं. गाडीतला इंजिन ऑइलचा नवा डबा फोडून भरलं असणार. कमी राहू नये म्हणून." बेफिकीर ड्रायव्हर असता तर त्यानं झाकणच उघडलं नसतं, आणि बोटभर कमी तेलावर ती गाडी पुढच्या आयुधपूजेपर्यंत चालली असती. त्याच्या काळजीनंच घात केला. ह्याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी मुनियप्पा आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. खड्ड्याच्या काठावर बसला नाही, उभाच राहिला. "मेस्त्री, एकच सांगा. ब्रेक गेला होता की नाही? सगळे म्हणतात नाही. आता मलाच वाटायला लागलंय, मी दाबलाच नसेल."

मामा म्हणाले, "गेला होता, मुनियप्पा. तू खोटं बोलत नाहीस."

तो मोठा गडी ओक्साबोक्शी रडला आणि मामांच्या पाया पडला. मामा मागं सरकले. का गेला, हे त्यानं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

साहेबांच्या वकिलाला आम्ही खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "तेलाचं कशाला काढता? रबर खराब निघालं, एवढंच सांगा. ब्रेक गेला हे कोर्टाला पटलं की बस्स. बिचाऱ्याला कळायलाही नको." मामा तयार झाले. एवढं मोठं मन माझ्या आईनंसुद्धा दाखवलं नसतं, असं मला त्या दिवशी मामांबद्दल वाटलं. रबर खराब निघालं म्हणजे मेस्त्री खराब. बेंगळुरात गाडीवाल्यांची वस्ती ती केवढीशी. आठवड्यात गावभर झालं असतं. तरी मामा म्हणाले, "सांगतो. नाव गेलं तर गेलं, माणूस तर सुटेल."

कोर्टात मामा फेटा बांधून उभे राहिले. सांगितलं, ब्रेक गेला होता, रबर खराब निघालं. इथपर्यंत सगळं नीट. मग सरकारी वकील उठला. गोड आवाजाचा माणूस. कानडीत विचारलं, "मेस्त्री, सिलिंडर तुम्हीच बसवलं?"

"होय."

"रबर तुम्हीच निवडलं?"

"होय."

"म्हणजे गाव ज्याला ब्रेकचा मेस्त्री म्हणतं, तो सडकं रबर घालून लोकांना डोंगरावर पाठवतो तर!"

मागं कुणीतरी हसलं. मामांची मान ताठ झालेली मी बघितली. मी मनात म्हणत होतो, मामा, गिळा, एवढं गिळा.

"माझं रबर सडकं?" मामा कडाडले. "नवं कोरं होतं माझं रबर! इंजिन ऑइल ओतलं तर कुणाच्या बापाचं रबर टिकेल?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "इंजिन ऑइल कुणी ओतलं?"

मामांनी कठडा धरला. फेट्याखालून घाम गळत होता. आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून मुनियप्पाचा आवाज आला, अगदी हळू.

"नाने, स्वामी. नाने हाकिदे."

मीच. मीच घातलं. ते बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत गेलं, ते मी आयुष्यात पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही, आणि बघायचंही नाही.

न्यायाधीशांनी त्याला सोडलं. गाडी बेफाम नव्हती, ब्रेक खरोखर गेला होता, तेल अजाणता घातलं गेलं, असं काहीसं म्हणाले. साहेबांनी त्याला मिठी मारली. तो लाकडासारखा उभा होता. आम्ही दुसऱ्या दारानं बाहेर पडलो.

जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, मामांच्या शेजारी बसलो तेव्हा माझं डोकं फिरलेलं. म्हटलं, "तेलाचं बोललात. मग डब्याचं का नाही बोललात? तो मागायला आला होता, तुम्ही दिलं नाही, हे का नाही सांगितलं?"

मामा घोड्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "कुणी विचारलं नाही."

मला मामांची त्या क्षणी किळस आली. लिहायला नको खरं तर; त्यांनीच मला भाकरी दिली. पुष्कळ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. त्यांनीही कधी विषय काढला नाही. पुढच्या आयुधपूजेला हत्यारं मांडली तेव्हा ब्रेक ऑइलचा डबा त्यांनी स्वतः उचलून दारात, रस्त्याच्या बाजूला ठेवला, झाकण सैल करून. दिवसभर कुणी मागायला आलं नाही. त्यानंतर दरवर्षी तो दारातच राहिला. शेवटी शेवटी मामांना नीट दिसायचं नाही, तरी हातानं चाचपून बघायचे, डबा दारात आहे ना.

साहेबांनी मुनियप्पाला कारखान्यात शिपायाची नोकरी देऊ केली. त्यानं घेतली नाही. ड्रायव्हिंग तर सोडलंच. मोटारीत बसणंही सोडलं. के. आर. पुरमला घरामागं पालेभाजी लावायचा आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजारात चालत जायचा.

काही वर्षांनी, मामा गेल्यावर, मी त्याला भेटायला गेलो. दुपारची वेळ. तो मेथीच्या वाफ्यात पाणी सोडत होता. मला बघून हात धुतले, "बा तम्मा, ये," म्हणाला, बायकोला कॉफी करायला सांगितली. मामा गेल्याचं कळल्यावर खरंच हळहळला. दुकानाची चौकशी केली. मग कॉफीचा पेला खाली ठेवून कानडीत म्हणाला, "तुरुंगात गेलो असतो तर बरं झालं असतं. खोटारडा म्हणून गेलो असतो, पण आत बसून मला माहीत असतं की मी खरा आहे. शिक्षा संपली की सुटलोही असतो."

मी पेला खाली ठेवला.

"एक विचारू? तू ब्रेकचा माणूस. मी ते तेल घातलंच नसतं, झाकण उघडून बघितलंच नसतं, तर काय झालं असतं?"

त्याची बायको दारात उभी होती. तीही थांबली.

मला उत्तर येत होतं. बेंगळुरात त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं नीट कुणाला येत नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "तरीही गेला असता, अण्णा. मी बघितलंय ना उघडून. रबरच खराब होतं आमचं. तेलाचं मामा उगीच बोलले, स्वतःचं नाव राखायला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. पेला उचलून त्यानं उरलेली कॉफी संपवली.

"तम्मा," तो म्हणाला, "मेस्त्रींनी कोर्टात हेच म्हणून गप्प बसायला हवं होतं. तेव्हा मला खरं वाटलं असतं."